दिंडीची वही, छापील गाथा आणि हातातला मोबाईल



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून अंक काढायचं ठरलं, आणि इतिहासाचा लेख आमच्या गळ्यात पडला. आम्ही चौथी शिकलेले. नांगर धरायचा आणि वीणा धरायची, ही दोन कामं आम्हाला जमतात. लेखणी धरण्याचा सराव नाही. तेव्हा कीर्तनात बोलतो तसंच इथे लिहिलं आहे. शाळेच्या गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलं.

इतिहास लिहायचा म्हणून आम्ही आधी गावात विचारत फिरलो. ज्याला विचारावं त्याने मोबाईल काढून एकच मजकूर दाखवला. आपल्या दिंडीच्या मूळपुरुषांना शेतात उजेड दिसला, देवाने आज्ञा केली आणि पहिल्याच वर्षी पाचशे वारकरी निघाले, असा तो मजकूर. सोबत पांढऱ्या दाढीच्या एका महाराजांचा फोटो. आमच्या मूळपुरुषांचा फोटो कोणी कधी काढलेलाच नाही. तो फोटो कोणाचा आहे, देवाला ठाऊक. पण गावातल्या तीन घरांत तो मोठा करून हार घालून लावलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला.

मग आम्ही दिंडीची जुनी वही काढली. लाल कापडात बांधलेली, उभ्या बांधणीची हिशेबाची वही. विठ्ठल मंदिराच्या पेटीत ती पडून होती. पहिली पानं मोडी लिपीतली. आमच्या आजोबांच्या काळी हिशेब मोडीतच होत, आणि आज गावात एकालाही मोडी येत नाही. आपल्याच पूर्वजांनी आपल्यासाठी लिहून ठेवलेलं, आणि आपल्यालाच वाचता येत नाही! तालुक्याला मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे वही नेली. त्यांनी वाचून दाखवलं. पहिल्या वर्षी अकरा पुरुष, दोन बाया आणि एक बैलगाडी. वीणा शेजारच्या गावाकडून मागून आणलेली, परत देताना तार तुटली म्हणून चार आणे भरून दिले. उजेडाचा उल्लेख नाही. पाचशे वारकऱ्यांचा तर नाहीच.

आम्हाला ते वाचून वाईट वाटलं नाही. मागून आणलेल्या वीण्यावर दिंडी निघाली, हे पाचशेंच्या गोष्टीपेक्षा आम्हाला मोठं वाटतं. पण वहीत पुढे जे निघालं ते वेगळं होतं. त्याकडे शेवटी येतो. आधी थोडं मागे जायला पाहिजे, कारण माहिती एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना काय काय होतं, हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही.

माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या वेळी छापखाना नव्हता. एकाने लिहिलेली पोथी दुसऱ्याने उतरवायची, त्याची तिसऱ्याने. उतरवणारा चुकायचा. कोणाला एखादा शब्द जुना वाटला तर तो आपल्या बोलीतला घालायचा. कोणाला स्फुरण चढलं की आपली ओवी मध्ये सरकवून द्यायचा. हेतू वाईट नसायचा, भक्तीच असायची. पण असं होत होत जवळजवळ तीनशे वर्षांत पाठ बिघडला. मग नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इंग्रजी १५८४ साली, पोथ्या ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती त्याच कामाच्या स्मरणाची.

आता नाथमहाराजांचा अधिकार केवढा! एकनाथी भागवत लिहिणारा माणूस. त्यांना काय ओव्या सुचत नव्हत्या? पण त्यांनी माउलींच्या ग्रंथात आपली एक ओवी घातली नाही. उलट, इथून पुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. आपलं काय आहे ते आपल्या नावाने सांगा, दुसऱ्याच्या ताटात वाढू नका, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. आजकाल मोबाईलवर काय पाठवावं आणि काय पाठवू नये याची शिबिरं घेतात म्हणे. आम्हाला पैठणची ही एक ताकीद पुरते.

तुकोबारायांच्या गाथेची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवस महाराज शिळेवर बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. कोणी म्हणतात, लोकांच्या तोंडी असलेले अभंग इंद्रायणी कशी बुडवणार, लोकांनीच ते परत दिले. आम्ही कीर्तनात दोन्ही सांगतो, आणि ही परंपरेची कथा, हे लोकांचं म्हणणं, असं वेगळं करून सांगतो. संताजी जगनाडे महाराजांसारखे टाळकरी अभंग लिहून ठेवणारे होते म्हणून पुढच्यांची सोय झाली.

छापखाना आला तसं चित्र पालटलं. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. पुढे विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी जुन्या वह्या मिळवून, ताडून तुकोबांची गाथा तयार केली. ती सरकारी मदतीने मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात दोन भागांत निघाली आणि १८७३ पर्यंत पुरी झाली. साडेचार हजारांच्या वर अभंग. त्याआधी देहूची वही वेगळी, पंढरपूरची वेगळी, जो तो आपापल्या फडावर आपापलं म्हणायचा. गाथा छापली, अभंगाला आकडा आला. आता कोणालाही विचारता येतं, हा अभंग कितवा?

काहीजण म्हणतात, छापल्यामुळे तोंडपाठ करण्याची सवय गेली. थोडं खरं आहे. पण जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे मुलं अजून पाठ करतातच. पुस्तकही आहे आणि पाठांतरही आहे. दोन्ही असलं म्हणजे एकाची चूक दुसरं धरतं.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला नाव ठेवायचा आम्हाला हक्क नाही.

लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. वडिलांच्या मांडीवर बसून आम्ही प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' पाहिला. तो निघालेला १९३६ साली. दामले आणि फत्तेलाल यांचा, तुकोबांच्या कामाला विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी परदेशात व्हेनिसलाही त्याचा गौरव झाला. आमच्या गावात मात्र बाया पडद्याला हात जोडायच्या, आणि तंबूच्या दाराशी चपला काढून आत यायच्या. आमच्या घरात तुकोबांची जी तसबीर होती तिच्यात तोंडवळा पागनिसांचाच होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. महाराजांना कोणी पाहिलं आहे? पण डोळे मिटले की आजही आम्हाला पागनीसच दिसतात. त्यात पागनिसांचा काय दोष! त्यांनी जीव ओतून काम केलं. सिनेमा असाच आहे, एकदा मनात बसला की उठत नाही.

त्या सिनेमात एक गाणं आहे, एका बीजापासून रोप, रोपाचं झाड आणि झाडापासून पुन्हा कोटी झाडं, अशा अर्थाचं. शेतकऱ्याला ते लगेच पटतं. आम्ही कीर्तन करायला लागलो तेव्हा ते दृष्टांताला घ्यायचो, तुकोबांचा अभंग म्हणून. शेवटी नाममुद्रा नाही, हे आमच्या ध्यानात आलं होतं. पण अभंग आहे तर मुद्रा पाहिजे, म्हणून आम्हीच 'तुका म्हणे' जोडून एक चरण म्हणत होतो. अकरा वर्षं! लोक माना डोलवायचे.

एका वारीत सासवडच्या मुक्कामी कीर्तन झाल्यावर एक म्हातारे मास्तर जवळ आले. पाया पडले आणि हळूच म्हणाले, "महाराज, हा अभंग गाथेत कितवा?" आम्ही म्हणालो, असेल कुठेतरी. ते म्हणाले, "नाही. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय. भलेभले शोधत बसले गाथेत. पण मुद्रा कुणी जोडली नव्हती, ती आज ऐकली." चारचौघांत बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या रात्री झोप आली नाही. नाथमहाराजांनी जे करू नका म्हणून सांगितलं तेच आम्ही अकरा वर्षं करत होतो, आणि वर बिदागी घेत होतो. शिवाय ज्या माणसाने ते खरोखर लिहिलं त्याचं नाव आम्ही पुसलं ते वेगळंच. दुसऱ्या वर्षापासून आम्ही ते गाणं आठवल्यांचं नाव घेऊन सांगतो. लोक तेवढ्याच माना डोलवतात.

हे घडलं तेव्हा मोबाईल नव्हता. आमची चूक पाच-पन्नास गावांत फिरली असेल. आज काय होतं ते सर्वांना दिसतं आहे. सकाळी उठलं की 'तुका म्हणे' लावलेले चार ओळींचे मजकूर येतात. कधी मधुमेहावर, कधी सुनेवर, निवडणूक आली की एखाद्या पक्षावर. आमचा नातू दाखवतो आणि विचारतो, "आबा, खरा आहे का?" आम्ही म्हणतो, गाथेत कितवा ते पाठवणाऱ्याला विचार. अजून एकानेही आकडा सांगितलेला नाही.

मोबाईल वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. २०२० साली रोगामुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. एक जुलैला आषाढी एकादशी होती. शंभर वर्षांच्या आपल्या दिंडीतले म्हातारे-कोतारे घराच्या ओट्यावर बसून छोट्या पडद्यावर पादुका पाहत होते आणि रडत होते. दुसऱ्या वर्षीही तेच. तेवढं दर्शन नसतं तर काहीजणांनी हाय खाल्ली असती. शिवाय वाखरीच्या गर्दीत हरवलेले आमचे एक आजोबा फोनमुळेच दोन तासांत सापडले. पूर्वी माणूस हरवला म्हणजे पंढरपुरात कर्ण्यावरून नाव पुकारत बसावं लागे, आणि कधी कधी पौर्णिमेपर्यंत पत्ता नसे.

पण चंद्रभागेत बाया स्नान करतात आणि पोरं वर मोबाईल धरून उभी राहतात, हे कोणत्या भक्तीत बसतं? नीरा स्नानाला आले तरी तेच. आता तर आकाशातून फिरणारा कॅमेरा येतो. ओल्या लुगड्यातली बाई देवाकडे तोंड करून उभी असते, तिला ठाऊकही नसतं आणि ती मुंबईपर्यंत पोचलेली असते. आपल्या दिंडीत स्नानाच्या जागी फोन काढायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. एका पोराने तो मोडला तेव्हा त्याचे टाळ काढून घेतले. रागावला, घरी गेला, पुढच्या वर्षी परत आला.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावी सप्ताहात आमचं कीर्तन होतं. कीर्तनात आपण आधी शंका घेणाऱ्याचं म्हणणं मांडतो, ते जोरात मांडतो, आणि मग खोडतो. त्या दिवशी आम्ही शंका घेणाऱ्याच्या आवाजात म्हणालो, बाईच्या जातीला वीणा कशाला पाहिजे, चूल सांभाळावी. आणि मग पुढे पाऊण तास मुक्ताई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई सांगून त्याला गप्प केलं. मंडपातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एका पोराने कीर्तन मोबाईलवर घेतलं होतं. त्याने शंकेची अर्धी मिनिट तेवढी कापली, खाली काहीतरी लिहिलं आणि सोडून दिली. आठ दिवसांत ती कुठे कुठे गेली याचा हिशेब नाही. पुण्यातून फोन आले, शिव्या आल्या. काहींनी तर 'शाब्बास महाराज, बरोबर बोललात' म्हणून फोन केले. त्यांचं जास्त लागलं.

पोराला बोलावलं. तो म्हणाला, पूर्ण कीर्तन कोणी बघत नाही हो. त्याने ती काढून टाकली. पण ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलात उतरली होती त्यांच्याकडून कशी निघणार? पेरलेलं बी उपटून काढता येतं, वाऱ्यावर उडालेलं गवताचं बी कुठे शोधायचं.

आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन सत्तावीस वर्षं चालणारी एक बाई होती. दिवेघाट चढताना ती कधी तुळस खाली ठेवत नसे. त्या वर्षी ती आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, पुढचं कीर्तन काय होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "महाराज, पुढचं तुम्ही आत्ता सांगताय. मला माझ्या लेकानं जे दाखवलं ते मी ऐकलं. चार बायांसमोर हसून म्हणाला, बघ तुझे महाराज काय म्हणतात, बस आता घरी." आम्ही पूर्ण कीर्तनाची फीत मिळवून तिला ऐकवली. तिने शेवटपर्यंत ऐकली. डोळे पुसले. पण त्या लेकाने ऐकली नाही. ती अजून आलेली नाही. आमच्याकडून अपराध घडला की नाही, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. शंकेचा आवाज एवढा रंगवून काढायची गरज होती का? मंडपातल्या शंभर माणसांना पुढचं ऐकू येणार, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आता शंका मांडताना त्याच वाक्यात उत्तराचं टोक घालून ठेवतो. कीर्तनाची रंगत थोडी कमी होते, होऊ दे.

आता वहीकडे येतो.

मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाच्या पानावर बोट ठेवलं. शिध्याच्या हिशेबात एक ओळ होती, मागचे राहुटीस शिधा जुदा. पुढे ज्वारी, डाळ, मीठ. आम्ही विचारलं, मागची राहुटी म्हणजे काय? ते आमच्याकडे बघून गप्प बसले. मग आम्हालाच उमगलं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले वारकरी दिंडीच्या मागे अंतर ठेवून चालत, वेगळे उतरत, वेगळं शिजवत. त्यांना कोरडा शिधा लांबून दिला जाई. तीच ओळ दर वर्षी. आणि शिधा वाटणाऱ्याच्या नावापुढे आमच्या आजोबांचं नाव.

लहानपणापासून आम्ही ऐकलं होतं आणि कीर्तनातून सांगितलंही होतं, की आपल्या दिंडीत पहिल्या दिवसापासून एक पंगत. ते खोटं निघालं. गुरुजींनी मग इरावती कर्वे बाईंचा 'वाटचाल' हा लेख वाचून दाखवला. त्या स्वतः वारीला चालल्या होत्या, आणि दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या होत्या हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. म्हणजे ही गोष्ट झाकलेली नव्हती, आम्हीच तिच्यावर पांघरूण घातलं. चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या माणसांना तिथून पुढे जाता येत नव्हतं, ते १९४७ पर्यंत. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं. आमच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर काय असेल म्हणून मोठ्या आशेने बघितलं. तेल, गाडीचा आरा, दोन घोंगड्या. बाकी काही नाही. आणि शिधा जुदा तसाच.

अंकाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा वाद झाला. काहीजण म्हणाले, शंभरीच्या अंकात हे कशाला उकरायचं, आता तर सगळे एकत्र जेवतो ना. म्हणणारे वाईट माणसं नाहीत. एकाने सुचवलं, मोबाईलवरचीच गोष्ट छापू, लोकांना तीच आवडते. आम्ही म्हणालो, त्या ओळीत आमच्या आजोबांचं नाव आहे, लाज वाटायची तर आम्हाला वाटू दे.

मग त्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माळकऱ्याकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात. वहीतली ओळ वाचून दाखवली आणि छापू का म्हणून विचारलं. ते हसले. म्हणाले, "छापा की. आमाला काय वही लागत न्हवती. आमच्या घरात हे समद्यास्नी तोंडपाठ हाय. राहुटी कुठं पडायची, पाणी कोण वरनं घालायचं, समदं. तुमीच इसरला हुता." मग त्यांनी मागच्या राहुटीत चालणाऱ्यांची नावं सांगितली. बावीस नावं, बाप-आजासकट, एका दमात. आमच्या नातवाने ती मोबाईलवर त्यांच्या आवाजात घेतली. घेण्याआधी त्यांना विचारलं, घेतल्यावर परत ऐकवली. एक नाव चुकलं होतं ते त्यांनी दुरुस्त करून सांगितलं.

त्या बावीस जणांची यादी या अंकात मूळपुरुषांच्या यादीखाली, त्याच अक्षरात छापली आहे. उजेडाची आणि पाचशे वारकऱ्यांची गोष्टही छापली आहे, पण गावात अशी गोष्ट सांगतात, असं वर लिहून. फोटो छापलेला नाही. ज्या तीन घरांत तो लावला आहे त्यांना आम्ही सांगून आलो. एकाने उतरवला. दोघे म्हणाले, राहू द्या महाराज, कोणी का असेना, संतच दिसतोय.

तुळशीवाल्या बाईचं नाव बायांच्या यादीत सत्तावीस वर्षांसह घातलं आहे. तिला विचारून घातलं. वहीची चौतीस पानं अजून वाचायची राहिली आहेत. मोडी वाचणारे गृहस्थ कार्तिकी झाल्यावर येतो म्हणालेत.